‘नवं पाऊल’मधला एक ‘ए’

वर्कशॉपचं दार ढकलून ड्रायव्हरकाका आत आले ते कुबड्यांवर, आणि मागून त्यांची सून आली ती काखेत पाय घेऊन. काकांनी तो तिच्याकडून ओढून घेतला आणि ताईंच्या टेबलावर आदळला. प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीचा लोट उडाला.

“हा तुमचा पाय तुम्हालाच लखलाभ! उभा जन्म बस चालवली, पण असा ब्रेक मला कधी कुणी लावला नव्हता.”

ताईंनी हातातली कानस खाली ठेवली. या वर्कशॉपमध्ये त्या कृत्रिम पाय बनवत. आधी बाबांच्या हाताखाली, आणि गेल्या वर्षी बाबा गेल्यापासून एकट्याच. इथून गेलेला प्रत्येक पाय त्यांच्या हाताखालून गेलेला असे, आणि हे काका त्यांनी आजवर कधी पाहिलेले नव्हते.

“काका, आधी बसा. मला बघू द्या.”

ताईंनी पायाची पट्टी सोडली. गुडघ्याखाली उरलेल्या भागावर कातडी सोलवटली होती, एका ठिकाणी तर मांस दिसत होतं. टेबलावरचा पाय त्यांनी उलटा करून पाहिला. साचा न घेता केलेला, सगळ्यांना एकाच मापाचा. तयार चपला विकतात तसा.

“हा आमचा नाही, काका.”

“हो का! आता हात वर करा!”

“ताई, अहो, तुमच्याच साइटवरून मागवलाय,” सून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. तिनं मोबाइल पुढे केला.

पडद्यावर बाबा होते. तोच फोटो. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत प्लास्टरनं माखलेले, आणि कुणीतरी खोड काढल्यासारखं मिस्कील हसू. वर ‘नवं पाऊल’ हे नाव, तेच निळं बोधचिन्ह. आणि फोटोखाली एक ओळ: ‘आमचे मुख्य कारागीर आजही प्रत्येक पाय स्वतः तपासतात.’

आजही. ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. बाबांना अग्नी त्यांनी स्वतः दिला होता.

मग त्यांची नजर वरच्या साइटच्या पत्त्यावर गेली. इंग्रजीत ‘पाऊल’ लिहिताना बाबांनी हट्टानं ‘ए’ दोनदा घातला होता. इथे तो एकदाच होता.

ताईंनी त्या साइटवरचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. दुसरी रिंग वाजायच्या आत गोड आवाज आला.

“नमस्कार, नवं पाऊल. बोला.”

“पायाचं माप द्यायला यावं लागेल का?”

“छे हो, कशाला त्रास? फोटो पाठवा. ताई स्वतः बघतात सगळं.”

“कुठली ताई?”

“आमच्या ताई. आत्ता पेशंट बघतायत त्या. मी त्यांची असिस्टंट बोलतेय. आपलं नाव?”

ताईंनी फोन बंद केला. काकांचा राग कुठल्या कुठे गेला होता. सून तोंडावर हात धरून उभी होती.

“अरेच्चा,” काका म्हणाले, “म्हणजे तुम्ही दोन आहात की काय?”

ताईंनी काकांची जखम धुतली, डॉक्टरांना फोन करून त्यांना लगेच तिकडे पाठवलं, आणि मग आतेभावाला बोलावून घेतलं. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसल्यापासून त्याला सगळे ‘इंजिनिअर’च म्हणत. बाबांची साइट त्यानंच बनवून दिली होती.

तो आला, मोबाइल पाहिला आणि खांदे उडवले. “असं होतं गं ताई. चुकीच्या स्पेलिंगची नावं असतात ना, त्यांचा ऑनलाइन लिलाव होतो. कुणीतरी घेतलं असेल.”

“चुकीचं नाव कोण कशाला विकत घेईल?”

त्यानं लॅपटॉप उघडून लिलावाचं पान दाखवलं. ताई वाकून पाहू लागल्या. बँकांची नावं होती, शाळांची होती, एका मोठ्या हॉस्पिटलचं होतं. सगळी ओळखीची वाटायची आणि सगळ्यांत एखादं अक्षर इकडचं तिकडे. प्रत्येक नावापुढे घड्याळ उलटं पळत होतं आणि बोली चढत होती. शेजारी आणखी एक आकडा होता.

“हा कसला?”

“महिन्याला किती लोक तिथे चुकून येतात, तो. जास्त चुकणारे, जास्त भाव.”

हॉस्पिटलच्या नावापुढचा आकडा पाहून ताईंचे डोळे पांढरे झाले. आई आजारी, बाप आजारी, हात थरथरतायत, एक अक्षर सुटलं. त्या सगळ्यांवर इथे बोली लागली होती.

“अरे, हे नाव नाही विकत. चुकलेली माणसं विकतायत!”

“इतकं मनावर नको घेऊस. आपल्या नावाला तर फार बोली लागलीही नव्हती...”

त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता.

ताई सावकाश सरळ झाल्या. “तुला काय माहीत?”

तो लॅपटॉपकडे बघत राहिला.

“माझ्याकडे बघ. तुला काय माहीत?”

“मामानंच घ्यायला लावलं होतं तेही नाव,” तो पुटपुटला. “लोक चुकतील म्हणाला, दोन्ही आपल्याकडेच राहू देत. माझ्याच खात्यावर होतं. मग... पडूनच होतं गं. मी लिलावात टाकलं. चुकीचंच तर नाव, कुणाच्या काय कामाचं, असं वाटलं मला.”

पेशंटसाठी ठेवलेल्या खुर्चीत त्या बसल्या. परका कुणी असता तर त्यांनी वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं. हा त्यांच्याच ताटात जेवून मोठा झालेला.

“ताई, काहीतरी बोल ना. शिव्या दे हवं तर.”

“त्या माणसाचं मांस दिसत होतं रे,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी त्या त्याला घेऊन सायबर पोलिसांकडे गेल्या. नाव कधी टाकलं, कसं विकलं, सगळं त्यानं मान खाली घालून सांगितलं. पुढे खेटे झाले, या टेबलावरून त्या टेबलावर टोलवाटोलवी झाली, पण शेवटी ती साइट बंद पडली. गोड आवाजाची बाई आणि तिच्यामागची माणसं काही सापडली नाहीत. काकांची जखम भरल्यावर ताईंनी त्यांचा नीट साचा घेतला, आणि नवा पाय घालून काका घरच्या जिन्याची प्रत्येक पायरी शिव्या देत, पण स्वतः चढले.

तिकडे फसलेल्यांसाठी ताईंनी आपल्या साइटवर आणि वर्तमानपत्रात सूचना दिली: पाय घेऊन या, आम्ही बघतो. सूचना छापून आली त्या सकाळी इंजिनिअर हजर झाला.

“ताई, मी काय करू सांग. सांगशील ते करतो.”

ताईंनी स्टूल ओढून टेलिफोनशेजारी ठेवलं. “बस इथे. येईल तो फोन तू घ्यायचा. आणि मध्ये बोलायचं नाही, पूर्ण ऐकून घ्यायचं.”

पहिला फोन एका शिंपीणबाईंचा होता. बाई बरंच बोलल्या. त्या पायानं शिलाई मशीन मारता येईना, गिऱ्हाईक तुटलं, आता मुलगी शाळा सोडून टाके घालते. त्यानं पत्ता विचारून घेतला आणि फोन ठेवला. तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा.

दुपारपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताई साचा घासत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

“ताई, अजून किती असतील?”

“तुला आकडा दाखवला असेल ना त्यांनी,” ताई म्हणाल्या. “विकताना.”

फोन वाजला, आणि त्यानं उचलला.