जिंकूनही लांबच्या रस्त्याने

“जिंकलोय ना आपण? मग हा लांबचा रस्ता कशाला?” गोलकीपर पुटपुटला. पुटपुटणं आपलं त्याच्या मते. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर संत्रं सोलत बसलेल्या काकूंना ते स्वच्छ ऐकू आलं.

“गप बस रे,” त्याच्या शेजारचा म्हणाला. “मालक आहेत ते.”

मालक म्हणजे काकूंचा नवरा आणि या बसचा ड्रायव्हर. दोन्ही एकच. लीगमध्ये खेळणाऱ्या या फुटबॉल संघाचा दहावा हिस्सा त्यांच्या नावावर होता, आणि तो कसा आला हे कुणी विचारलं की काकू आधी पदराने घाम पुसत, मग सांगत.

तेव्हा ते ट्रॅव्हल कंपनीचे पगारी ड्रायव्हर. संघाला सामन्यांना न्यायचं-आणायचं काम त्यांच्याकडे. पुढे संघाला उतरती कळा लागली आणि कंपनीने बस बंद केली. बाहेरगावच्या सामन्याला संघ पोचला नाही तर लीगमधून बाद, असा नियम. अध्यक्ष हात टेकून बसलेले. यांनी काय करावं? नोकरी सोडली, फंड मोडला, एक जुनी बस घेतली आणि अध्यक्षांपुढे जाऊन उभे राहिले.

“भाडं परवडणार नाही हो आम्हाला,” अध्यक्ष म्हणाले.

“भाडं कोण मागतंय? बस संघाच्या नावावर करतो. मला संघात हिस्सा द्या. आणि बस मीच चालवणार.”

अध्यक्ष इतके हसले की त्यांची सही वाकडी आली.

काकू मात्र हसल्या नव्हत्या. “बुडत्या जहाजाचं तिकीट काढणारा पहिलाच माणूस बघतेय मी!” असं म्हणून त्यांनी तीन दिवस घरात अळणी जेवण वाढलं.

“अगं, संघ हरला की मला वाईट वाटतं,” चौथ्या दिवशी नवरा ताटावरून म्हणाला. “तर लोक म्हणतात, तू ड्रायव्हर, तुला काय त्याचं? आता म्हणू देत बघू कुणी!”

वाईट वाटायचा हक्क मिळावा म्हणून फंड मोडणारा नवरा! काकूंनी कपाळाला हात लावला आणि मिठाचा डबा काढून दिला. पेपरात त्यांच्या नावापुढे ‘गुंतवणूकदार’ असं छापून आलं, त्या वेळी गुंतवणूकदार बसखाली उताणे पडून नट आवळत होते.

लांबचा रस्ता ही त्यांचीच रीत. संघ हरला की हमरस्ता सोडून ते तळ्याकाठच्या रस्त्याने बस नेत. “हरलेलं तोंड घेऊन लवकर घरी जाऊ नये. बायकापोरांवर निघतं.” टेकडीपर्यंत बस मुकी असे. तळं आलं की कुणीतरी रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि घरं दिसेपर्यंत गाणी सुरू. जिंकले की मात्र सरळ हमरस्ता. संघ तगला तो प्रशिक्षकापेक्षा या रस्त्यामुळे, असं काकूंचं ठाम मत होतं. त्या ते प्रशिक्षकालाही ऐकवत.

या वर्षी मात्र जिंकूनही लांबचाच रस्ता. हमरस्त्यावर समोरून दिवे येतात.

काकूही याच वर्षी सामन्यांना येऊ लागल्या. घरी करमत नाही म्हणून. संत्रं सोलता सोलता त्या बडबडत. “अगबाई, डावीकडे केवढा ट्रॅक्टर उभा आहे!” “वळण आलं वाटतं, माझी सालं सांडतील हं.” मालक त्या अंदाजाने चाक फिरवत. डॉक्टरांकडे जाऊ या, असं काकूंनी घरी एकदाच म्हणून पाहिलं. त्या दिवशी मालक जेवायलासुद्धा बॉनेटपासून उठले नाहीत. हातातून चाक गेलं तर या माणसाचं काय उरेल? या विचाराशी काकू दर वेळी पोचत आणि तिथूनच परत फिरत. गेल्या सामन्यानंतर रस्त्यात एक वासरू वाचलं ते थोडक्यात. तेव्हाही बसमध्ये कुणी ब्र काढला नाही. मालकाला कामावरून काढणार कोण?

आज तळं आलं तेव्हा ऊन विझत होतं. बस अजून मुकीच.

“काय रे पोरांनो? जिंकलात ना?” मालकांनी विचारलं. “गात का नाही कुणी?”

“दमलोय मालक,” मागून कुणीतरी म्हणालं.

काकूंनी फोड मोडली, आणि तेवढ्यात मागून चार-पाच जण एकदम ओरडले, “मालक, सायकल!”

ब्रेक करकचले. संत्री घरंगळत पुढे गेली. सायकलवरची बाई शिव्या हासडत निघून गेली, धडधाकट.

मालक मागे वळले. काकूही वळल्या. अख्खा संघ सीटवरून अर्धवट उठलेला होता, पुढच्या सीटला घट्ट धरून, माना उंच करून. रस्ता पाहायला एकट्या काकूच बसलेल्या नव्हत्या. सगळेच बसले होते. गाणार कोण?

मालकांनी बस कडेला घेतली. इंजिन बंद केलं. गळ्यातल्या रुमालाने स्टिअरिंग सगळीकडून पुसलं, पाहुण्यासाठी पाट पुसावा तसं.

“गोलकीपर, तू बापाचा ट्रक चालवायचास ना? लायसन आहे?”

“आहे, पण मालक, तसं काही नाही हो...”

“ये इकडे. जपून, क्लच जड आहे.”

“अहो, बसा तुम्ही,” प्रशिक्षक घाईघाईने म्हणाला. “ड्रायव्हर बदलायचा तर मीटिंग घ्यावी लागते.”

“दहावा हिस्सा आहे माझा. एवढ्या हिश्शात एक ड्रायव्हर काढता येत नाही होय? काढला.”

कुणीतरी हसून पाहिलं, पण ते हसू काही पुढे गेलं नाही.

“पण त्यानं केलंय काय?” प्रशिक्षकाने विचारलं. आवाज मात्र खाली गेला होता.

मालक चाकामागून उठून काकूंच्या शेजारी येऊन बसले. काकूंनी फोड पुढे केली. त्यांचा हात आधी फोडीच्या बाजूने गेला, मग परत आला, मग फोडीला लागला.

“त्याला दिसत नाही,” मालक म्हणाले.