शिट्टीला फुंकर लागते

मी एक पितळी शिट्टी बोलतेय. बोलतेय आपलं म्हणायचं. कुणी फुंकल्याशिवाय माझ्या तोंडून आवाज फुटत नाही.

तीस वर्षं मी डेस नावाच्या एका डोंगरभटक्याच्या गळ्यात न्यूझीलंडचे डोंगर हिंडले. त्याचे नियम दोनच. वाट चुकली की सहा वेळा फुंकायचं. आणि मुक्कामाची झोपडी सोडताना तिथल्या वहीत नाव आणि पुढची वाट लिहायची, म्हणजे शोधणाऱ्यांना ठाऊक असतं. लेक ग्लेनिस लहानपणी एकदा लिहायला विसरली, तर अर्धी चढण उतरून त्याने तिला परत नेलं होतं.

पुढे डेसला विसरण्याचा आजार जडला. एका सकाळी तो घरामागच्या ओढ्याकडे गेला तो परतलाच नाही. माणसं हाका मारत जवळून गेली. त्याने मला मुठीत धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं. मी कशासाठी असते हेच त्याला आठवेना. सापडला तेव्हा पार गारठला होता. त्याच हिवाळ्यात गेला. ती मूठ आठवली की अजून भीती वाटते.

यंदा त्याच्या आठवणीत, अशाच आजाऱ्यांच्या मदतीसाठी पैसे जमवायला, ग्लेनिस आठ जणांबरोबर पाच दिवसांच्या पायपिटीला निघाली. मी तिच्या गळ्यात. तिसऱ्या दिवशी ती एकटीच पुढे गेली आणि खिंडीत धुकं उतरलं. वाटेच्या खुणा दिसेनात. ती मटकन खाली बसली.

"वहीत लिहिलंच नाही मी!" ती पुटपुटली. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

तिने मला मुठीत धरलं. अगदी तशीच मूठ! फुंक ना बाई, फुंक!

तिने फुंकलं. मध्येच थांबली. "चार झाल्या की पाच?" पुन्हा पहिल्यापासून.

बऱ्याच वेळाने त्या आठांपैकी एक, मरे नावाचा तिचा मावसभाऊ, धापा टाकत आला. "काय गं, शेळीसारखी पुढे पळतेस! घे, चहा घे."

"मरे, मी वहीत नाव लिहायला विसरले."

"हॅ! लिहिलंयस की. मी पाहिलं ना. एकाखाली एक, दोनदा लिहिलंयस." तो हसला. ग्लेनिस हसली नाही. मग त्याचंही हसू विरलं.

तिने मला काढून त्याच्या गळ्यात घातलं. "मी कधी हिच्याकडे नुसती बघत बसले ना, तर तू फुंक."

"गप गं. चहा गार होतोय," मरे म्हणाला. पण मला परत दिलं नाही.

आता मी मरेच्या गळ्यात असते. ग्लेनिस चार पावलं पुढे चालते, तो तिला नजरेआड होऊ देत नाही. माणसांनो, ज्याला माझा उपयोग आठवत नाही, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर राहा. मला आपणहून ओरडता येत नाही.