जंगलात गेलेला लालबागचा टोप

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, टोप आहे. मुक्काम लालबागच्या एका चाळीत. मित्रांनो, अंगावर चार पोचे आहेत, पण तब्येत ठणठणीत आहे. खात्री नसेल तर वाजवून बघा.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं. गिरणीत काम करणाऱ्या धोंडूने लग्नानंतर मला विकत आणलं आणि माझे थाटाचे दिवस सुरू झाले. एरवी माझ्यात बांगड्याचं तिखलं शिजायचं, आणि गणपतीत काळ्या वाटाण्यांचं सांबारं. पाहुणे बोटं चाटायचे. कौतुक मात्र धोंडूच्या बायकोचं व्हायचं. असो. पुढे कुकर आला, पंगती कमी झाल्या आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. तिथे माझ्यात विजेच्या माळा भरून ठेवल्या. ज्याने एवढ्या माणसांना जेवू घातलं, त्याच्या पोटात वायरी! मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला खाली काढलं धोंडूच्या नातीने, सलोनीने. ती मांस-मासे, अंडी तर खात नाहीच, दूध-तूपही घेत नाही. त्याला वीगन म्हणतात म्हणे. थंडी पडली की ती आणि तिचे मित्र जंगलात तंबू ठोकून राहायला जातात. बाकीचे अंडी आणि सुकट खायचे आणि सलोनी बाजूला आपला डबा उघडायची. यंदा तिने सगळ्यांचं जेवण अंगावर घेतलं.

"कर तू," तिचा मित्र अर्णव म्हणाला. "पण उपाशी ठेवलंस ना, तर पुढच्या वेळी आमचं वेगळं आणि तुझा डबा वेगळा. चालेल?"

"चालेल," सलोनी म्हणाली. पण त्या दिवशी तिने मला किती जोरात घासलं, ते माझं मलाच माहीत. तिला पुन्हा एकटीने जेवायचं नव्हतं.

तिचा बेत मला पटला. जड ते आधी संपवायचं, हलकं शेवटी ठेवायचं. पहिल्या दुपारी घरच्या भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत, संध्याकाळी मटकीची उसळ-भात, आणि शेवटच्या दिवशी कुळथाची पिठी, कारण ते पीठ वजनाला हलकं आणि टिकायला चांगलं. भिजलेली मटकी ओल्या फडक्यात बांधून तिने माझ्यात ठेवली आणि मला पाठपिशवीत बसवलं. सलोनीच्या आईने, अंबिकाने, घरच्या मसाल्याची बरणी सोबत दिली. प्रवासभर माझ्या पोटात मटकीला मोड येत होते. इतक्या वर्षांनी काहीतरी जिवंत आत होतं, मित्रांनो! मी नुसता खूश होतो.

संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर मी चढलो. तेल तापलं, सलोनीने बरणी उघडली आणि तिचा चेहरा पडला. अंबिकाने मसाल्यात भाजलेला जवळा, म्हणजे इवलीशी सुकी कोलंबी, कुटून घातला होता.

"आईने यात जवळा घातलाय," सलोनी म्हणाली. "दुसरा मसाला नाहीये."

"एवढ्याशाने काय होतंय?" अर्णव म्हणाला. "टाक ना."

"तुम्ही टाका. मी शेंगदाणे खाईन." असं म्हणून ती चुलीपासून उठली.

सगळे भुकेले होते. जवळ्याचा तो खमंग वास काय असतो, ते मला विचारा, मी कोकणी घरातला टोप आहे. अर्णवने बरणी उचलून नाकाशी नेली. मग त्याने झाकण घट्ट लावलं.

"बस खाली," तो म्हणाला. "जवळ्याशिवाय काय करता येईल, ते सांग."

सलोनी बसली. तिने सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजली. अर्णवने ती लसूण-मिरचीबरोबर दगडावर ठेचली. ते वाटण तेलात पडलं, वर मटकी आली, शेवटी दोन आमसुलं. मग जे जेवण झालं, ते मी धोंडूच्या पंगतीतही पाहिलं नव्हतं. भाताचं शीत उरलं नाही.

"पिठी किती आणलीयस?" अर्णवने विचारलं. "उद्या कमी पडायला नको."

घरी आल्यावर सलोनीने भरलेली बरणी आईपुढे ठेवली. अंबिका चकित झाली. "दूध नको, तूप नको, अंडा नको, मासे नको, सगळा सांगितलंस गो. जवळ्याचा कधी बोललंस?" सलोनी हसत सुटली, आणि मग अंबिकाही.

आता मी ओट्याखाली राहतो, हाताशी. मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका. आणि तुमच्यातला कुणी एखादी गोष्ट खात नसेल, तर त्याला डबा घेऊन बाजूला बसवू नका. सगळ्यांना चालेल असं काहीतरी एकाच टोपात शिजवा. त्या संध्याकाळी माझ्या बुडाला थोडी खरपूस उसळ लागली होती. ती खरवडायला सगळेच टपले होते. अर्णवने चमचा सलोनीच्या हातात दिला आणि बाकीच्यांना म्हणाला, "थांबा रे, आधी तिला घेऊ दे."