बाजारापुरतं फ्रेंच

मी दुधाची डायरी बोलतेय. केजजवळच्या एका गावातल्या दूध सोसायटीने सभासदांना वाटलेली, निळ्या पुठ्ठ्याची. मी वत्सलाबाईंच्या घरी आले आणि त्याच साली दुष्काळ पडला. त्यांची म्हैस चारा छावणीत गेली, पुढे सोसायटीलाही कुलूप लागलं. माझे लिटरचे रकाने कोरेच राहिले. दूधच नाही म्हटल्यावर मला कोण विचारतो?

त्यांचा मुलगा धर्मराज फ्रान्समध्ये नोकरीला. सून बाळंत झाली, म्हणून त्याने आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. वत्सलाबाईंनी फोनवरच अट घातली.

"मी दिसभर भिताडाकडं बघत बसणार न्हाई. मला बाजारापुरतं तरी बोलाया शिकव."

तो सांगत गेला, त्या माझ्यात उतरवत गेल्या. तारखेच्या रकान्यात मराठी, लिटरच्या रकान्यात फ्रेंच. रामराम म्हणजे बोंझूर. केवढ्याला म्हणजे कोंबियँ. खरबुजाला मलों, आभाराला मेर्सी. तिथला बाजार शनिवारचा, म्हणून शनिवारही लिहिला, साम्दी. मी खूश झाले. निदान कशाला तरी लागले.

तिकडे गेल्यावर कळलं, घरात बोलायलाच कुणी नाही. मुलगा कामावर, सून बाळाबरोबर झोपलेली. वत्सलाबाई खिडकीशी बसून शनिवारची वाट बघायच्या.

बाजारात हिरव्या एप्रनची एक म्हातारी खरबुजं विकायची. पहिल्याच दिवशी तिने एक पिकलेलं आणि एक कडक खरबूज पुढे धरून विचारलं, "ओझुर्दुई? दमँ?" हे शब्द माझ्यात नव्हते. मी घाबरले. वत्सलाबाई मात्र हसल्या. केजच्या बाजारात सीताफळं विकताना त्याही गिऱ्हाइकाला हेच विचारतात, आज खायचं का उद्या? कडक खरबुजावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दमँ."

मग दर शनिवारी तेच. तेवढ्या बोलण्यासाठी त्या ठेवणीतलं लुगडं नेसायच्या.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळचं विमान होतं. म्हातारीने नेहमीसारखं विचारलं. वत्सलाबाईंनी मला उघडलं, पान उलटलं, पुन्हा मागे आल्या. 'आता मी येणार नाही' हे माझ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. कोऱ्या पानांचीही मला कधी इतकी लाज वाटली नव्हती.

"ओझुर्दुई," त्या म्हणाल्या.

म्हातारीने सगळ्यांत गोड वासाचं खरबूज निवडून दिलं आणि म्हणाली, "आ साम्दी." शनिवारी भेटू. वत्सलाबाई मेर्सी म्हणून वळल्या. पोराला कशाला त्रास, म्हणून म्हातारीला निरोप द्यायचं त्यालाही सांगितलं नाही.

आता म्हैस विकली गेलीय. मी केजच्या बाजारात सीताफळांच्या टोपलीजवळ, पोत्याखाली असते. गिऱ्हाईक नसलं की वत्सलाबाई मला काढतात आणि शनिवारच्या ओळीवर बोट ठेवून बसतात.

"काय हाय बाई त्यात?" शेजारच्या बायनाबाई विचारतात.

"काय न्हाई. दुधाची डायरी हाय."

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर हिरव्या एप्रनच्या त्या म्हातारीला एवढं सांगा, वत्सलाबाई गावी परत गेल्या. त्यांना सांगायचं होतं. माझ्यातच ते नव्हतं.