मंगळवारी पाणी यायचं

"पाचशे पंच्याऐंशी, पाचशे पंच्याऐंशी, पुन्हा पाचशे पंच्याऐंशी." मिस फादियांनी माझ्या तिन्ही निकालांचे कागद पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले. "रुबा, हे गुण आहेत की तुझा फोन नंबर?"

मी हसले, पण हसण्यासारखं काही नव्हतं. विद्यापीठाच्या संध्याकाळच्या एमबीएसाठी एकच पूर्ण शिष्यवृत्ती होती. तिला जीमॅटमध्ये सहाशे पंचेचाळीस लागत होते आणि अर्जाची मुदत ऑगस्टअखेर संपत होती. सिद्रा झाली तेव्हा मी विमा कंपनीतली नोकरी सोडली, त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली होती. माझ्या नवऱ्याच्या, इहाबच्या औषधाच्या दुकानावर आमचं घर चालायचं, माझं शिक्षण चाललं नसतं. ही चौथी खेप शेवटची, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे इहाबने ठरवलं आणि मी मान हलवली.

मिस फादिया मला शाळेत गणित शिकवायच्या. आता अम्मानमध्येच, वेबदेच्या चढावरच्या घरात शिकवण्या घ्यायच्या. "चुकांची वही दाखव," त्या म्हणाल्या.

वहीत चार रकाने होते. प्रश्न, माझं उत्तर, बरोबर उत्तर, का चुकलं. त्यांनी फक्त चौथा वाचला. मोठ्याने.

"घाई. दुर्लक्ष. घाई. दुर्लक्ष. दुर्लक्ष." त्यांनी चष्मा काढला. "डॉक्टरकडे जाऊन 'बरं नाही' एवढंच सांगतेस का गं? तुला हे सगळं येतं. दोन मिनिटांचं गणित तू चार मिनिटं धरून बसतेस, कारण मध्येच कुठेतरी जाऊन येतेस. कुठे जातेस?"

"कुठेच नाही, मिस."

"मग जाशील तेव्हा लिही. वार, वेळ आणि खरं कारण. मला दाखवलं नाहीस तरी चालेल."

आमचं घर दोन मजल्यांचं आहे. खाली माझी सासू, उम्म इहाब, राहते. तिला मी खालती म्हणते, म्हणजे अरबीत मावशी. वर आम्ही तिघं. दुपारी खालती सिद्राला खाली घेऊन जायची आणि अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, दोघींचा कारभार चालायचा. माझ्या टेबलाची खिडकी बरोबर त्यांच्या डोक्यावर.

मी खरं कारण लिहायला लागले. 'सिद्रा खोकली.' 'सिद्रा हसली आणि एकदम गप्प झाली.' 'सिद्रा रडल्यासारखी वाटली. रडली नव्हती.' मग मी आणखी एक ओळ लिहिली. मागच्या तिन्ही परीक्षांना, घरापासून सात किलोमीटरवरच्या त्या बंद खोलीतसुद्धा, मी तिला ऐकलं होतं.

कानात बोळे घालून पाहिले. बोळे घातले की बाहेरचं थांबायचं आणि आतून जास्तच ऐकू यायचं.

तीन आठवड्यांनी वही चाळताना माझ्या लक्षात आलं की तीन पानं जवळजवळ कोरी आहेत. त्या तीन दिवशी चुका दोन-दोन, तीन-तीनच होत्या. तिन्हींवर वार मंगळवार.

मंगळवारी आमच्या गल्लीत पाणी यायचं. आठवड्यातून एकदा, दुपारभर. अंगणातला पंप सुरू व्हायचा, छतावरची टाकी भरायची, गल्लीतल्या सगळ्या बायका सगळे कपडे त्याच दिवशी धुवायच्या. त्या खडखडाटात खिडकीखाली कुणी मेलं असतं तरी मला कळलं नसतं.

म्हणजे मंगळवारी माझं डोकं जास्त चालायचं असं काही नव्हतं. मंगळवारी मला माझी मुलगी ऐकू येत नव्हती, एवढंच. हे समजल्यावर आईने निदान तो दिवस तरी वही मिटून खाली जाऊन बसावं. मी बुधवारी काय केलं, तर न्हाणीतलं कपडे धुण्याचं मशीन चालू केलं. रिकामं.

पंप रिकामा चालवला तर जळतो, आणि तो खालतीच्या दारापाशी होता. मशीन वर होतं, माझ्या खोलीला लागून. त्याचा आवाज खाली जात नव्हता. पहिल्या दुपारी मी दोनच चुका केल्या. गुरुवारी एक. शुक्रवारी इहाब घरी होता, त्या दिवशी नाही लावलं आणि नऊ चुका झाल्या. शनिवारी दोनदा लावलं. असं बारा दिवस.

पाण्याचा विचार मनात आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. टाकी मोठी आहे, एवढं म्हणून मी तो बाजूला ठेवला. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही मंगळवार सोडून मशीन लावायचं नसतं हे माहीत असतं.

त्या रविवारी मी सराव परीक्षेचा शेवटचा भाग सोडवत होते. एकही चूक नव्हती, मला ते सोडवतानाच कळत होतं. आणि मशीन थांबलं. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. पाणी येत नव्हतं.

मग मला आवाज ऐकू आला. "रुबा! रुबा! अगं बाई, बहिरी झालीस का?"

मी खाली धावले. सिद्रा खालतीच्या मांडीवर लोळागोळा होऊन पडली होती, अंग तापलेलं. दोनदा ओकली होती. तिच्या केसांत, खालतीच्या झग्यावर, सगळीकडे. खालतीने नळ सोडला होता आणि त्यातून नुसती हवा फुसफुसत होती.

"अर्धा तास हाका मारतेय," खालती म्हणाली. "तिला टाकून जिन्याने कशी येऊ? माझे गुडघे."

तिने पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन सिद्राचं तोंड पुसलं. मग मान, मग एक एक बोट. ओंजळभर पाण्यात तिने माझी मुलगी स्वच्छ केली. मी शेजारच्या उम्म राएदकडून दोन बादल्या आणल्या.

"पाण्याची पाळी परवा आहे आणि आजच टाकी कोरडी?" उम्म राएद दारातूनच म्हणाली. "तुमच्याकडे उंट पाळलेत की काय?"

संध्याकाळी इहाब आला, छतावर गेला. टाकीवर बुक्की मारलेली आम्हाला खालीही ऐकू आली. तसाच चिडून उतरला. "दोन हजार लिटर! हे काय पिऊन संपतं? कुणीतरी नळ उघडा ठेवलाय."

मी सिद्राच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खालती म्हणाली, "मीच असेन रे. परवा वेलाला पाइप लावला होता. बंद केला असं वाटतंय. पण आठवत नाही."

"आई, नीट आठव."

"आठवत नाही म्हटलं ना." ती स्वतःच्या तळव्यांकडे पाहत होती. "तुझ्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. आधी नळ, मग चुलीवरची कॉफी."

इहाबचा राग एकदम उतरला. तो तिच्याजवळ जाऊन बसला. मी पट्टी पिळली, पुन्हा ठेवली. परीक्षेला नऊ दिवस होते. परीक्षा झाली की सांगू, असं मी ठरवलं.

सिद्रा दोन दिवसांत बरी झाली. खालती मात्र बदलली. गॅस दोनदा बघायची, किल्ली गळ्यात अडकवायची. एका सकाळी तिने इहाबला सांगितलं, "पोरीला पाळणाघरात घाला. माझ्या भरवशावर ठेवू नका. उद्या माझ्या हातून हिचं काही झालं तर मी कुठे तोंड लपवू?" इहाबने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "परीक्षेनंतर बघू." हे मी म्हणाले.

परीक्षेच्या खोलीत एसीची घरघर होती. मी तिलाच मशीन मानलं. पडद्यावर सहाशे पंचावन्न आकडा आला तेव्हा मी तो तीनदा वाचला, आणि मला अंगणातला फुसफुसणारा नळ ऐकू आला.

मिस फादियांना फोन केला. "फोन नंबर बदलला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "कुठे जात होतीस ते सापडलं ना?"

"सापडलं, मिस."

घरी आले तर खालती मांडवाखाली द्राक्षाची पानं निवडत होती. सिद्रा शेजारी, देठ वेगळे काढत होती. मी पर्ससुद्धा न ठेवता बसले.

"खालती, ते पाणी मी संपवलं होतं. तुम्ही नाही. मी रोज दुपारी मशीन लावत होते. आवाजासाठी. रिकामं."

खालतीने हातातलं पान खाली ठेवलं. लहान मुलाने चिखलाचा लाडू आणून दिल्यावर बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"रिकामं मशीन? ते कोण चालवतं गं?" ती हसली. "माझं मन राखायला सांगायचंच तर निदान पटेल असं तरी सांग."

"वल्लाह, खरं सांगतेय."

"असल्या गोष्टीसाठी शपथ घेऊ नये." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पानांचा हिरवा वास येत होता. "त्या दिवशी इहाब एवढा चिडला होता, पण तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. हल्ली मी खूप विसरते, रुबा. पण ते लक्षात आहे."

"खालती, ऐका तरी—"

"पास झालीस ना? चेहऱ्यावरूनच कळलं. अल्लाह तुझं भलं करो. आता पोरीचं पाळणाघर तेवढं बघा."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. अंगणातल्या नळापाशी गेली, तो घट्ट पिळला, मग त्याखाली तळवा धरून उभी राहिली. बराच वेळ. सिद्रा तिच्यामागून गेली. आमच्याकडे आजी नातीला 'तेता' म्हणजे आजी म्हणूनच हाक मारते, आणि नात तर म्हणतेच. सिद्राने चवड्यांवर उभं राहून आपलाही तळवा तिच्या तळव्याखाली धरला.

"बंद आहे, तेता," ती म्हणाली.

"बंद आहे, तेता," खालती म्हणाली, आणि हात तसाच धरून ठेवला.