पदवी झाली, पीटी राहिली

लोरेटा कुचेराला उशीर या गोष्टीचीच चीड होती. तिची स्वतःची पदवी हातात पडली तेव्हा तिचा थोरला शाळेत जायला लागला होता. दिवसभर दुकानात गल्ल्यावर बसायचं, संध्याकाळी कॉलेज करायचं आणि घरी येऊन भांडी घासायची, असं ते शिक्षण. म्हणून विल्मेटच्या हायस्कूलात पोरांना विषय निवडून देणाऱ्या कौन्सेलरची खुर्ची मिळाली, तेव्हा तिने एकच ध्यास घेतला. आपल्या पोरांनी कॉलेजचे विषय शाळेत असतानाच उरकून टाकायचे.

अकरावीचं पोरगं तिच्या दारावरून नुसतं पाणी प्यायला निघालं तरी ती त्याला आत ओढायची. "अरे, इंग्रजीचं कॉलेजचं क्रेडिट इथे बसल्याबसल्या मिळतंय, घेऊन टाक की! उशीर कशाला करायचा?" पोरं तिच्या माघारी तिची नक्कल करायची आणि शेवटी निमूटपणे नाव नोंदवायची.

तिच्या या कारखान्यातला सगळ्यात चोख माल म्हणजे ब्रिन हलूझा. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही मुलगी शाळेच्या लायब्ररीत स्क्रीनसमोर बसून कॉलेजचे इतके विषय गिळत गेली, की बारावीचा समारंभ व्हायच्या आधीच कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी तिने खिशात घातली. युनिव्हर्सिटीने तिला इंजिनिअरिंगच्या थेट तिसऱ्या वर्षाला घेतलं, वर शिष्यवृत्ती दिली. अट साधीच होती. शाळेचा दाखला मे महिन्यात हातात हवा.

सोमवारी लोरेटाने बेकरीतून खसखशीचे आणि जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, आणले आणि टीचर्स रूममध्ये सगळ्यांची तोंडं गोड केली. पीटीचे कोच ऑर्टमायर फुकटच्या कोलाचेला कधी उशीर करत नसत. त्यांनी दोन हातांत दोन घेतले.

"पोरगी हुशार आहे," तोंड भरलेलं असतानाच ते म्हणाले. "वाईट एवढंच वाटतं, माझ्या हाताखालून कधी गेली नाही."

"कशी नाही? नववीत आली असेल."

"नववीत तिचा पाय प्लास्टरमध्ये. दहावीत घेते म्हणाली, तर दहावीत तू तिला बीजगणिताला नेलंस."

"मग अकरावीत…"

"अकरावीत मानसशास्त्राला नेलंस. यंदा कशाला नेलंस ते तूच सांग."

लोरेटाच्या घशात जर्दाळू अडकला. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात शाळेचा दाखला गणिताशिवाय एक वेळ कोणाला मिळाला असता, पण पीटीशिवाय तो कोणालाच मिळत नव्हता. म्हणजे पोरगी कॉलेज पास आणि शाळा नापास! आणि हे दिवे लावले होते कोणी, तर खुद्द लोरेटाबाईंनी.

प्रिन्सिपलनी हात वर केले. "ऑर्टमायर पास म्हणाला तर माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. नेमकं तिथेच घोडं अडत होतं. गेल्या वर्षी लोरेटाने कोचच्या फुटबॉल संघाचा मुख्य खेळाडू, त्यांचा क्वार्टरबॅक, ऐन सरावाच्या वेळी निबंधाच्या वर्गात बसवला होता, आणि भर मीटिंगमध्ये पीटीला 'चेंडूमागे धावायचा तास' म्हटलं होतं. तरी ती गेली. कोचच्या खोलीत रबराचा आणि जुन्या मोज्यांचा वास होता.

"बोल, लोरेटा. चेंडूमागे धावायला आलीस?"

"टोमणे नंतर मार, डेल. पोरीचं काय करायचं?"

"उन्हाळ्यात तास करू दे. ऑगस्टमध्ये दाखला."

"तोवर शिष्यवृत्ती जाईल. आणि शिष्यवृत्तीशिवाय ती जाऊच शकत नाही. बापाचं गॅरेज बघितलंयस ना?"

कोचने शिट्टी बोटाभोवती फिरवली. "तूच पोरांना सांगतेस ना, वर्गात न बसता परीक्षा देऊन विषय उरकता येतो म्हणून?"

"हो, पण ते…"

"मग माझीही परीक्षा. गुरुवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी. एक मैल पळायचं, न थांबता. आणि मग चार जोड्यांच्या स्क्वेअर डान्सची एक पूर्ण फेरी. नववीची पोरं करतात तेच. मी उगाच अडवणार नाही, पण उगाच सोडणारही नाही."

"नाचायला आठ जण लागतात. मी वर्गात सूचना देते…"

"तू काही द्यायची नाहीस. आठ जण तीच आणेल."

लोरेटाने ब्रिनला बोलावून सगळं सांगितलं, आणि चूक आपली आहे हेही सांगितलं. ब्रिन आधी खदखदून हसली. मग बाईंचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

"मैल मी पळेन, मिसेस कुचेरा. रांगत का होईना. पण माणसं कुठून आणू?"

"अगं, तुझ्या वर्गात पोरं काय कमी आहेत?"

"माझा वर्ग त्या स्क्रीनवर होता. जेवणाच्या सुट्टीतही मी क्विझ देत होते. परवा कॅफेटेरियात गेले तर कुठल्या टेबलाशी बसायचं तेच कळेना. ट्रे घेऊन लायब्ररीत परत आले." ब्रिनने खांदे उडवले. "मला कोण ओळखतं आता?"

लोरेटाकडे प्रत्येक अडचणीवर एक माहितीपत्रक असायचं. या अडचणीवर नव्हतं. आपण या पोरीची दोन वर्षं वाचवली असं ती सगळीकडे सांगत आली होती, आणि ती दोन वर्षं कुठून आणली होती ते तिला त्या क्षणी कळलं. तिला फार वाईट वाटलं.

"विचारून तर बघ," एवढंच ती म्हणाली. ब्रिनने मान हलवली, हो की नाही ते समजलं नाही.

गुरुवारी सकाळी गवत अजून ओलं होतं. ब्रिन भावाची ढगळ चड्डी घालून मैदानावर उभी होती, एकटीच. कोचने शिट्टी फुंकली. पहिल्या फेरीत पोरगी हरणासारखी सुटली, दुसऱ्या फेरीत म्हशीसारखी झाली, आणि तिसरीत तिच्या घशातून असे आवाज यायला लागले की लोरेटाचाच जीव खालीवर व्हायला लागला.

"थांबू नकोस!" लोरेटा कठड्यावरून ओरडली. "हळू पळ, पण पळ!"

"काय ऐकतोय मी?" कोच म्हणाले. "लोरेटा कुचेरा हळू म्हणाली!"

शेवटची फेरी ब्रिनने कशी संपवली ते तिलाही सांगता आलं नसतं. रेषा ओलांडून ती गवतात आडवी झाली. कोचने घड्याळाकडे पाहिलंही नाही. "पळाली," ते म्हणाले. "आता माणसं दाखव."

ब्रिन उताणी पडूनच म्हणाली, "सगळ्यांना विचारलं, कोच. कोणी हो म्हटलं नाही. 'बघतो' म्हणाले."

जिमचं दार उघडं होतं. आत लाकडी फरशीवर कोणी नव्हतं. लोरेटाने पार्किंगकडे पाहिलं. तिथेही कोणी नव्हतं.

मग एक पिकअप आली. मागच्या बाजूला पेरणीच्या बियाण्याची पोती आणि त्यांवर तीन पोरं. त्यामागे खडखडत आणखी एक गाडी, तिच्यातून दोन मुली उतरल्या, एकीच्या केसांत अजून कर्लर गुंडाळलेले. पिकअप चालवत आलेला कोचचा तो क्वार्टरबॅक, वेंडल, बुटांना शेण घेऊनच जिममध्ये शिरायला निघाला.

"बूट!" कोच गरजले.

"काढतो, कोच! गायी तुमच्या शिट्टीवर दूध देत नाहीत ना!" वेंडलने ब्रिनला हात देऊन उठवलं. "काय गं पदवीधर? आमच्यासारख्या अडाण्यांबरोबर नाचशील ना?"

"तू 'बघतो' म्हणालास!"

"मग बघायलाच तर आलोय. तू नाचणार, हे कोण चुकवेल?" वेंडल म्हणाला. कर्लरवाली म्हणाली, "सातवीत तू मला अपूर्णांक शिकवलेस. विसरलीस वाटतं?"

ब्रिनने नाक ढगळ टीशर्टला पुसलं.

कोचने ब्रिनसकट डोकी मोजली. "सात."

"कॉनर येणार होता," वेंडल म्हणाला, "पण बापाने मक्याच्या पेरणीला जुंपला. रात्री पाऊस आहे म्हणे."

"सातांत चौकोन होत नाही," कोच म्हणाले, आणि त्यांनी अगदी निरागसपणे छताकडे पाहिलं.

लोरेटाने ऑफिसचे टाचेचे बूट काढले आणि मोज्यांवर फरशीवर उतरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिचा जोडीदार वेंडल.

"निबंधाबद्दल सॉरी," ती कुजबुजली.

"बी ग्रेड मिळाली, मिसेस कुचेरा. चालतंय."

कोचने गाणं लावलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. जोडीदारासमोर वाका! डावा हात द्या! पाठीला पाठ लावून फेरी! ब्रिन आधी चुकीच्या दिशेने गेली आणि कर्लरवालीवर आदळली, कर्लर घरंगळत बास्केटबॉलच्या खांबाखाली गेला. दुसऱ्यांदा तिला सगळ्यांनी मिळून योग्य दिशेला ढकललं. तिसऱ्यांदा ती स्वतः वळली. लोरेटा मोज्यांवर घसरत, धापा टाकत फिरत होती आणि प्रत्येक गिरकीत समोरून ब्रिनचा चेहरा जायचा. घामाघूम, लालबुंद, आणि तोंडभर हसणारा. या पोरीला एवढे सगळे दात आहेत हे लोरेटाला माहीतच नव्हतं.

गाणं संपलं. कोचने शिट्टी फुंकली.

"पास," ते म्हणाले. "दाखल्यावर सही करतो."

कोणी जागचं हललं नाही. ब्रिनने शेजारच्यांचे हात अजून धरूनच ठेवले होते. बाहेर बसेस येऊन लागल्या आणि पहिली घंटा झाली. प्रिन्सिपलनी दारातून डोकं आत घातलं.

"झालं ना? मग वर्गात चला, तास सुरू होतील."

सगळ्यांनी सवयीने लोरेटाकडे पाहिलं. घाई करायची वेळ आली की हाकारा तीच द्यायची. लोरेटाने विस्कटलेले केस कानामागे सारले आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"होतील सुरू," ती म्हणाली. "डेल, अजून एक लाव. सगळ्यात लांबलचक असेल ते."