नवस आईने केला होता

आमच्या बाबांचा पडाव होता, माल वाहणारी मोठी शिडाची होडी. मिठागरातलं मीठ भरून तो पनवेलच्या खाडीतून मुंबईला जायचा. शिवादादा दहा वर्षांचा असतानाच पडावावर चढला. मी मात्र बांधावर, मिठाच्या राशीशेजारी बसलेली असायचे. तिसऱ्या वर्षी पोलिओने माझा उजवा पाय नेला, तेव्हा आई एकवीरेला नवस बोलली होती, "पोरगी आपल्या पायांनी चालत पडावापर्यंत गेली की तुला बोकड देईन. तोवर तिला होडीत बसवनार नाय."

पुढे मी कुबडी घेऊन चालू लागले, पण आईच्या लेखी ते चालणं नव्हे. ट्रक आले, पडाव विकला गेला. मिठागरं भरावाखाली गेली. आईही गेली. नवस तेवढा राहिला. मी शाळेत बाई झाले. सहल घारापुरीला निघाली तेव्हा दादाने घरूनच बजावलं होतं, लाँचमध्ये पाय ठेवायचा नाही. मी गेटवेवर मुलांच्या पिशव्या राखत बसले. लाँचमधून मुलं हात हलवत होती. मीही हलवला.

यंदा माझ्या जुन्या विद्यार्थिनीने, आलियाने, खाडीच्या जुन्या धक्क्यावर शिडाच्या दोन लहान होड्या आणल्या. चौथीत ती माझ्याच वर्गात होती, बडबडीपायी रोज बाकावर उभी. आता ती अपंगांनाही शिडाची होडी चालवायला शिकवते असं कळलं आणि मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बाई, घरच्यांना विचारलंत ना?"

"माझ्या घरी मी एकटीच. मला विचारलं. मी हो म्हटलं."

आठवडाभर तिने मला धक्क्यावर ठेवलेल्या होडीत बसवून शिकवलं. सुकाणूचा दांडा एका बाजूला ढकलला की होडी दुसऱ्या बाजूला वळते. वाऱ्यात वळताना शीड डोक्यावरून पलीकडे जातं, आणि आपणही त्याखालून सरकून बाजू बदलायची.

"दांडा मुठीत आवळू नका हो! छडी आहे का ती?"

होडी पाण्यात घालायच्या दिवशी करंजाड्याहून दादा रिक्षाने येऊन थडकला. कोणी सांगितलं कोण जाणे.

"भामे, आईनं बोललेला नवस हाय. देवीशी खेल नको."

"नवस आईने केला, दादा. देवीने कुठे मागितला होता?"

"तोंड लय चालतं तुजं. पाय चालला असता तर..."

"तर एक बोकड गेला असता."

तो चिडला. "तू चालत जातंस का होडीपर्यंत? नाय ना? मंग?"

"चालत नाही. बसून जाते."

पायाला आधार देणारा कॅलिपर काढून मी आलियाकडे दिला. दोघांना बोलावते, उचलून नेतील, असं ती म्हणाली. मी नको म्हटलं. मला उचलून फक्त आई न्यायची, आणि तीही बांधापर्यंतच. शेवाळलेल्या पायऱ्यांवर बसून, हातांवर भार देत मी एकेक पायरी खाली घसरले. सलवार चिखलाने भरली. वर दादा पुटपुटत होता, "शोभा करतंय, नुसती शोभा."

आलिया पुढे बसली, दांडा माझ्या हातात. दुपारचा वारा भरात होता. होडी एका अंगावर कलली आणि मी मोकळ्या हाताने काठ घट्ट धरला. पण ती धावत होती, आणि तिला मी पळवत होते. मला हसू आवरेना.

"आता वळवा, बाई!"

दांडा ढकलला. शीड डोक्यावरून गेलं, मी सरकले, पण पाय मागेच अडकला. होडी वाऱ्याला नाक लावून ठप्प. शीड फडफडू लागलं, होडी मागे जाऊ लागली. धक्क्यावरून दादाची हाक आली, "आना तिला मागं! सांगत व्हतो मी!"

आलियाचा हात दांड्याकडे आला. तिने होडी वळवली असती तर मी पुन्हा बांधावरची भामी झाले असते.

"हात मागे घे."

"बाई, अहो..."

"हात मागे! काय करायचं ते तोंडाने सांग."

तिने हात मांडीखाली दाबला. "आधी पाय. मग शीड हाताने बाहेर ढकला. जोर लागेल."

सलवार गुडघ्याशी मुठीत धरून मी तो पाय बटाट्याच्या गोणीसारखा ओढून पलीकडे टाकला. मग शीड ढकललं. कुबडीने घडवलेले दंड आहेत माझे. वारा विरुद्ध ढकलत होता. मीही ढकलत राहिले. होडीचं नाक हळूहळू फिरलं, शीड सट्कन भरलं, आणि आम्ही निघालो.

"किनाऱ्याकडे जायचं, बाई?"

"एवढ्यात? पुन्हा वळू."

तीनदा वळले. एकदा पाण्याचा सपकारा तोंडावर बसला, एकदा शीड डोक्याला लागलं.

परत आलो तेव्हा दादा शेवटच्या पायरीवर उभा, हातात नारळ.

"देवीची माफी माग नि ह्यो पान्यात सोड."

"मी नाही मागणार. तुला भीती वाटत असेल तर तू सोड."

त्याने डोळे मिटून नारळ सोडला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "लय कललेली होडी. भ्याली नाय?"

"भ्याले की."

"मंग आता बास ना?"

"उद्या भरती किती वाजता गं?" मी आलियाला विचारलं.

"आजच्यापेक्षा तासभर उशिरा."

"उद्या पन?" दादा ओरडला आणि मला वर घ्यायला हात पुढे केला. मी त्या हातात अंगातलं ओलं लाइफ जॅकेट काढून दिलं आणि खाडीकडे तोंड करून, बसल्या बसल्या, एकेक पायरी वर चढू लागले.